तोडलेली रात्र

हिवाळ्यात रात्री दहानंतर पुणे–सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात शिरलं की यवतच्या आसपास शिवारात उजेडाचे चौकोन दिसू लागतात. बांबूंवरून तारा ओढलेल्या, तारांना सारख्या अंतरावर दिवे टांगलेले आणि दिव्यांखाली गादीवाफ्यावर वीत-दीड वीत उंचीची हिरवी रोपं. थंडीने जमिनीलगत धुकं धरलं असेल तर सगळं वावर आतून उजळल्यासारखं वाटतं. रस्त्याने जाणारे गाड्या थांबवतात, फोटो काढतात, लगेच स्टेटसला लावतात. काहीजण तेवढ्यासाठीच पुण्याहून येतात. यवत पुण्यापासून पंचेचाळीसएक किलोमीटरवर. रात्रीचं जेवण ढाब्यावर आणि मग उजेडाची शेतं, असा बेत सहज जमतो.

हा बेत मला आवडतो. युरोपातल्या शहरांत हिवाळ्यात प्रकाशकलेचे महोत्सव भरतात. त्यांची छायाचित्रं पाहून आपल्याकडेही असं काही व्हावं, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी दौंडचा रस्ता सुचवते. मात्र ही शेतं बघायला जाणाऱ्याने दिवे कशासाठी लावलेत हे समजून घ्यावं, आणि ते समजल्यावर शेजारच्या, दिवे नसलेल्या वावराकडेही बघावं असं माझं म्हणणं आहे. एका वावरात झाडाची रात्र मुद्दाम तोडली जाते, दुसऱ्या वावरात माणसाची. पहिली तोडताना जी काळजी घेतली जाते, ती दुसरी तोडताना घेतली जात नाही. उजेडाच्या सौंदर्याबद्दल बोलायचं तर मला इथून सुरुवात करावीशी वाटते.

दिवे लागलेल्या शेतात फूल नसतं. पुष्कळ पाहुण्यांचा इथेच विरस होतो. शेवंती हे लहान दिवसांचं पीक. दिवस आखडले, रात्र साधारण दहा तासांच्या पुढे गेली, की कळी धरायची वेळ झाली हे तिला उमगतं. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस रात्र तेरा तासांची होते. अशा दिवसांत लागण केली तर रोप नीट फुटायच्या आतच कळीवर येतं. झाड खुजं राहतं, फुलं मोजकी आणि बारीक लागतात. म्हणून शेतकरी तिच्या रात्रीच्या मधोमध दिवे लावतो. दहा ते दोन, ही सर्वसाधारण वेळ. सलग तेरा तासांच्या रात्रीचे त्यामुळे दोन तुकडे होतात, आणि त्यातला एकही तुकडा कळी धरण्याइतका लांब राहत नाही. झाडाच्या लेखी अजून मोठे दिवस चालू असतात. ते वाढत राहतं. चार-पाच आठवड्यांनी अंगापिंडाने भरलं, की शेतकरी दिवे बंद करतो आणि शेवंतीला तिची अखंड रात्र परत देतो. मग कळ्या येतात. फुललेली शेवंती बघायची असेल तर दिवे विझून दोनेक महिने झालेल्या वावरात दिवसा जावं लागतं.

यामागचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वी उलगडलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड हे दोन संशोधक तंबाखूच्या एका जातीने चक्रावले होते. उन्हाळाभर ती नुसती वाढत राहायची, फुलायचं नाव नाही. त्यांनी झाडं रोज काही तास अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली आणि ती फुलली. 1920 मध्ये त्यांनी दिवसाच्या लांबीचा हा परिणाम जगापुढे मांडला. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी अंगाला चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर उजेड दाखवला तर फुलणं थांबत होतं. उलट दिवसाच्या मध्यावर अंधार केला तर झाडाला त्याचं काही नव्हतं. म्हणजे झाड सलग अंधाराची लांबी मोजत होतं. पानातलं जे द्रव्य हा हिशेब ठेवतं, त्या फायटोक्रोमचा छडा 1959 मध्ये लागला. दौंडच्या शेतकऱ्याला ही नावं माहीत असायची गरज नाही. खत-पाण्याइतकीच अंधाराचीही मात्रा असते, ती चुकली तर हंगाम चुकतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मात्रा हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. दहा-दहा फुटांवर दिवा धरला तर एकराला सव्वाचारशेच्या वर दिवे लागतात. बारा वॅटचा एलईडी धरला तर एकूण भार पाच किलोवॅटच्या थोडा पुढे जातो, म्हणजे चार तासांना वीस-एकवीस युनिट. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बवर हाच खटाटोप करायचा तर रात्रीला शंभरावर युनिट लागली असती, आणि आपल्याकडच्या डीपीने तो भार पेललाच नसता. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी असलेल्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. त्या शोधाचं एक टोक प्रयोगशाळेत आहे आणि दुसरं शेवंतीच्या वाफ्यावर. दिवा किती उंचीवर टांगायचा, रोप वाढलं की तो किती वर घ्यायचा, कोपऱ्यातल्या सरीवर सावली पडते का, ओळीने चार रात्री लाईट गेली तर काय करायचं, या सगळ्यावर इथली माणसं रोज डोकं लावतात. यवतजवळ एका वावराच्या बांधावर उभी असताना तिथल्या ताईंनी मला सांगितलं, “बारानंतर मी एकदा उठून बघून जाते. एखादा बल्ब गेला असंल तर त्या खालची तेवढीच झाडं आधी कळी धरत्यात. मग तोडा मागंपुढं होतो.” एका बंद दिव्याखाली किती झाडं आहेत हे त्यांना न मोजता सांगता येत होतं.

ड्रॅगन फ्रूटचं गणित याच्या बरोबर उलट. त्याला फुलायला मोठे दिवस लागतात. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत ते फुलतं-फळतं आणि थंडीत थांबतं. हिवाळ्यात रात्री त्याच्यावरही दिवे लावतात, पण फूल आणण्यासाठी. व्हिएतनामच्या बिन थुआन भागात ही रीत फार मोठ्या प्रमाणावर चालते. महाराष्ट्रातही बागायतदार आता ती वापरतात. लांबून दोन्ही शेतं सारखीच झगमगताना दिसतात. एकात उजेडाने फुलणं रोखून धरलेलं असतं, दुसऱ्यात त्याच उजेडाने फुलायला उठवलेलं असतं. नुसतं बघून हा फरक कळत नाही, विचारावं लागतं.

आता कलेकडे येते. हे शेतीचं काम आहे, याला प्रकाशकला म्हणणं म्हणजे ताणाताणी आहे, असं एक मत मी ऐकलं आहे. कलाकाराच्या मनात पाहणारा असतो, शेतकऱ्याच्या मनात गुलटेकडीचा आणि दादरचा फूलबाजार असतो, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नाच्या तिथी असतात, असा त्यातला युक्तिवाद. मला तो पटत नाही. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रकाश महोत्सवाचा उगम तरी कुठे कलेत आहे? फ्रान्समधल्या ल्यों शहरात 8 डिसेंबर 1852 रोजी मेरीच्या मूर्तीच्या स्थापनेसाठी लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. ती वार्षिक रीत झाली आणि आज त्याच तारखेच्या आसपास अख्खं शहर दिव्यांनी खेळतं. तिथे आधी श्रद्धा होती, मग रीत, कला सगळ्यांत शेवटी आली. हेतू व्यवहाराचा असला म्हणून सौंदर्य बाद होत नाही. ओळींची शिस्त, अंतरांची समानता, काळ्या शिवारात मोजून घेतलेला उजेड, यात बघणाऱ्याला धरून ठेवण्याची ताकद आहे. आणि शेतकऱ्याच्या मनात पाहणारा नसतो हेही खरं नाही. तोही दिवे लावल्यावर बांधावर जाऊन मागे वळून बघतो, फोटो काढतो, पाहुण्यांना पाठवतो.

उत्तरेकडच्या महोत्सवांची हौस मात्र जशीच्या तशी इथे आणण्यात अर्थ नाही. ॲम्स्टरडॅममध्ये 2012 पासून हिवाळ्यात कालव्यांवर प्रकाशकलेचा महोत्सव भरतो. तिथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. आठ तासांच्या फिकट दिवसाने माणसं मिटून जातात, त्यांना घराबाहेर काढायला दिव्यांची गरज पडते. आपला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो, आणि तोही लख्ख उन्हाचा. आपला हिवाळा माणसांना आत ढकलत नाही. दौंड आणि त्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात तर हाच बाहेरचा काळ. रब्बीची ज्वारी निसवते, हुरड्याच्या आगट्या पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या फडांत उतरलेल्या असतात, कारखान्यांचं गाळप चालू असतं, गावोगाव जत्रा-उरूस असतात. उजेडाचा तुटवडा म्हणून आपल्याला प्रकाशाचा उत्सव नको आहे. तो हवा असेल तर कारण इथलं असायला हवं.

असं कारण आपल्याकडे आहे, आणि ते दगडात उभं आहे. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीच्या पायऱ्यांवर चढताना दोन्ही अंगांना दीपमाळा लागतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांपुढे अशा दीपमाळा आहेत. दगडी खांब, त्याला बाहेर काढलेले हात, प्रत्येक हातावर पणतीपुरती जागा. वर्षातले बहुतेक दिवस त्या काळोख्याच उभ्या असतात. त्रिपुरी पौर्णिमेला किंवा देवाच्या मोठ्या उत्सवाला उजळतात आणि तेल संपलं की विझतात. कोल्हापूरला त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरतो तोही तेवढ्याच वेळापुरता. देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्याच्या नोंदी जुन्या कागदपत्रांत ठायी ठायी सापडतात. म्हणजे उजेडाला खर्च येतो, तो कुठून यायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि तेलाच्या मापाइतकाच तो टिकतो, हे सगळं त्या व्यवस्थेत गृहीत होतं. शेवंतीची शेतं मला या परंपरेतली वाटतात, कारण त्या दिव्यांनाही मुदत आहे. दोन वाजता ते बंद होतात. चार-पाच आठवड्यांनी कायमचे उतरवले जातात. बंद करण्याची वेळ ही त्यांच्या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

शहरातल्या उजेडाला मुदत राहिलेली नाही. पुणेकरांची दिव्यांची नजर गणेशोत्सवात तयार झालेली. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर रोषणाईच्या गणपतींची वाट बघत पहाटेपर्यंत उभी राहणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांच्यातच वाढले आहे. ती रोषणाई वर्षातून एकदा येते म्हणून तिची वाट बघावीशी वाटते. इमारतींच्या अंगावर, झाडांच्या बुंध्यांवर, पुलांच्या कठड्यांवर बारा महिने लटकणाऱ्या दिव्यांच्या माळांची वाट कोणी बघत नाही. त्या फक्त असतात. रात्री दौंडच्या शिवारातून पश्चिमेकडे बघितलं तर क्षितिजावर पुण्याचा पिवळट-पांढरा उजेड चढलेला दिसतो. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि शहराचं सांडपाणी या तालुक्यांच्या अंगणातून वाहतं, हे सगळ्यांना माहीत आहे. शहराचा सांडलेला उजेडही असाच इथवर येतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणूनच या शेतांचा ‘महोत्सव’ करावा, तिकीट लावावं, कमान उभी करावी, ड्रोन उडवावेत, या सूचनेला माझा विरोध आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळण्याच्या मी अजिबात आड येणार नाही. पाहुण्यांकडून पैसे जरूर घ्यावेत. पण महोत्सव म्हटला की दिवे कधी लागायचे आणि कधी विझायचे हे झाडाच्या हातून निसटून गर्दीच्या हाती जातं. शनिवारची रात्र आहे, माणसं लांबून आली आहेत, मग आणखी दोन आठवडे राहू द्या दिवे, असा आग्रह होणार. शेवंतीचं यातलं नुकसान उघड आहे. शेजाऱ्याचंही होतं. गावात आमदार-खासदार निधीतून हायमास्ट उभा राहतो, त्याच्या उजेडात येणाऱ्या पट्ट्यातलं सोयाबीन बाकीचं रान वाळायला लागलं तरी हिरवंच राहतं आणि शेंगा नीट धरत नाही, कारण तेही रात्र मोजणारं पीक आहे. उसाच्या पट्ट्यातला शेतकरी हुमणीचे भुंगेरे पकडायला पहिल्या पावसानंतर प्रकाश सापळा लावतो: खाली रॉकेल घातलेलं पाण्याचं घमेलं, वर दिवा. उजेडाकडे काय काय ओढलं जातं हे तो दरवर्षी घमेल्यात मोजतो. रात्री दिवा लावणं ही शिवारातली मोठी ढवळाढवळ आहे, आणि ती गरजेइतकीच करायची असते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. आपल्याला शिकायला हवं.

अंधार राखून ठेवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात चालू आहेत. आयुका या खगोलसंशोधन संस्थेने आपली दोन मीटरची दुर्बीण पुण्यात न बसवता आंबेगाव तालुक्यात गिरवलीला नेली, कारण ताऱ्यांना काळं आकाश लागतं. ती 2006 पासून तिथे आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क हा दर्जा मिळाला. अमेरिकी प्रकाशकलावंत जेम्स टरेल यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात एका मृत ज्वालामुखीच्या विवरात अर्धं आयुष्य घालवून जी कलाकृती घडवत आणली, तीही आकाशाच्या उजेडासाठी. ज्यांना उजेड खरोखर कळतो ते अंधार शोधत लांब जातात.

इथवर मी अंधाराच्या बाजूने बोलले. इथून पुढे अंधाराचं दुसरं तोंड दाखवणं मला भाग आहे, नाहीतर हा लेख शहरी कौतुकावर संपेल.

महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते. दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा तास, आणि पाळ्या फिरत राहतात. दिवसाची पाळी कुणालाच जड जात नाही. रात्रीची पाळी लागली की पिकाला पाणी द्यायला रात्री उठावं लागतं. लाईट येईल तेव्हा मोटर सुरू व्हावी म्हणून लोकांनी ऑटो स्विच बसवले आहेत, पण मोटर आपोआप चालू झाली तरी दारं आपोआप धरली जात नाहीत. गहू, कांदा, ज्वारी, ऊस, जिथे ठिबक नाही तिथे एका सरीत पाणी पोचलं की बारं मोडून दुसऱ्या सरीत घ्यावं लागतं. त्यासाठी माणूस लागतो. जानेवारीतल्या रात्री दोन वाजता, गुडघ्यापर्यंत गार चिखलात, एका हातात खोरं आणि दुसऱ्यात बॅटरी घेतलेला. डीपी गेला किंवा फेज उडाला तर त्या काळोखात पेटीकडे जायचं. साप, विंचू, ओल्या हाताने धरलेला स्टार्टर. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसांच्या बातम्या वर्तमानपत्राच्या तालुका पानावर दोन ओळींत येतात.

शेवंतीची रात्र चार तास तोडतात तेव्हा किती उंचीवर, किती वाजेपर्यंत, किती आठवडे, याचा हिशेब ठेवतात. तिची भरपाईही करतात, पूर्ण अंधार परत देतात. शेतकऱ्याची रात्र तोडताना असला हिशेब कुठे आहे? एका पाळीत झोप गेली, पुढच्या पाळीत शरीर सावरेपर्यंत पुन्हा रात्र. झाडाला सलग अंधार लागतो हे आपण 1938 मध्येच सिद्ध केलं, आणि माणसालाही लागतो हे सांगायला कुठल्या प्रयोगाची गरज नव्हती.

शिरूरमध्ये या गोष्टीला आणखी एक धार आहे. घोड आणि कुकडी नद्यांच्या पाण्याने या तालुक्याच्या उत्तर-पश्चिम भागात ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस बिबट्याला लपायला, पिल्लं वाढवायला जंगलासारखाच. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो, आणि तिथल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या आता उसातच जन्मल्या-वाढल्या आहेत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीनेक आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, पुणे–नाशिक महामार्ग अडवला गेला, पुढे एका बिबट्याला गोळी घातली गेली. त्यानंतर पिंपरखेडच्या बाया गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाची छायाचित्रं देशभर फिरली. दौंडच्या दिव्यांच्या शेतांची छायाचित्रं फिरली तशीच, त्याच मोबाइलवर.

हे हल्ले दिवसा वीज मिळाली असती तर टळले असते, असं मी म्हणणार नाही. मुलांवरचे हल्ले दिवसाच्या उजेडात, वस्तीजवळ झाले. पण त्यामुळे रात्रीच्या पाळीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. जिथे भर दिवसा पोर अंगणात सोडायची भीती वाटते, तिथे पहाटे तीनला बाप उसात पाणी बघायला जातो, कारण वीज तेव्हा आहे. वनखात्याने वस्त्यांवर दिवे, भोंगे, पिंजरे दिले तरी उसाच्या सरीत तो एकटाच असतो. शेतीला दिवसा वीज द्या ही तिथल्या लोकांची मागणी जुनी आहे. सोय म्हणून कोणी ती मागत नव्हतंच, आता ती जिवाची झाली आहे.

कोणी म्हणेल, फुलांच्या शेतातले दिवे बघायला गेलेल्या माणसावर हे ओझं कशाला? त्याने वीज वाटप ठरवलेलं नाही. खरं आहे. पण वीज कुठे कधी द्यायची हे ठरताना कोणाची गैरसोय सोसवत नाही याचा विचार होतोच, आणि आपण शहरातले लोक त्या यादीत कायम वर असतो. भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली होती. संध्याकाळी मागणी सर्वांत जास्त असते त्या तासांत गावाने मिळून ठरवायचं, की कोणी मोटर चालवणार नाही, आकडा टाकणार नाही, आणि त्या बदल्यात घराघरांत दिवे राहतील. अनेक गावांनी ते केलं. मुलांच्या अभ्यासासाठी, स्वयंपाकासाठी उजेड हवा म्हणून शेजाऱ्यावर नजर ठेवून, भांडून, समजावून पाळलं. प्रकाशाबद्दलचा इतका मोठा सार्वजनिक करार शहराने कधी केल्याचं मला आठवत नाही. एखाद्या शहराने आठवड्यातून एक रात्र जाहिरातींचे फलक आणि पुलांवरची रोषणाई बंद ठेवायची ठरवली तर केवढा गदारोळ होईल, याचा विचार करून बघावा.

उपाय दिसतही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून तिचा दुसरा, मोठा टप्पा चालू आहे. शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, गावाजवळच्या सौर प्रकल्पांवर घ्यायचे, म्हणजे वीज दिवसाच मिळेल, ही तिची मूळ कल्पना. सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत उभा राहिला. कल्पना सरळ आहे: ऊन असताना पाणी द्यायचं, रात्री झोपायचं. एका फीडरवर हे साधलं आणि शेजारच्या फीडरवर नाही, तर बांधाच्या अलीकडचा माणूस झोपतो आणि पलीकडचा जागतो. म्हणून आकडे मेगावॉटमध्ये सांगण्यापेक्षा कुठल्या गावच्या किती फीडरची रात्रीची पाळी कायमची बंद झाली, ते सांगावं. शिरूरच्या बिबट्याप्रवण गावांपासून सुरुवात करावी. याला उशीर लागण्याचं कोणतंही कारण मला पुरेसं वाटत नाही.

आणि पुण्याला हिवाळ्यात प्रकाशकलेचा महोत्सव हवाच असेल, तर तो जरूर भरावा. फक्त त्याचं काम शिरूर-दौंडच्या माणसांबरोबर व्हावं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली मुलं तिथे हातांनी काम करत तंत्र शिकतात, आणि वीज हा त्या शिक्षणाचा एक भाग आहे. अशा मुलांनी आणि शहरातल्या कलावंतांनी मिळून पुण्याच्या नदीपात्रात शेवंतीच्या वावराएवढी, दहा-दहा फुटांवर दिवे टांगलेली एक चौकट उभारावी, आणि तिचा स्विच शिरूरमधल्या एखाद्या खऱ्या शेती फीडरच्या वेळापत्रकाला जोडावा. तिकडे लाईट आली की इकडे दिवे लागतील, तिकडे गेली की विझतील. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल, त्या आठवड्यात ते बघायला पुणेकराला मध्यरात्रीनंतर स्वेटर घालून, झोप मोडून यावं लागेल. दिवसाची पाळी असेल तर दिवे भर उन्हात लागतील आणि कोणाला दिसणारही नाहीत. त्या आठवड्यात दारं धरणारा माणूस घरी झोपलेला असेल.

तोवर दौंडला जावं. बांधावर जायच्या आधी घरच्यांना विचारावं, वाफ्यात पाय टाकू नये, गाडीचे दिवे बंद करावेत. फुलं निघाली असतील तर वावरातच विकत घ्यावीत. दोन वाजेपर्यंत थांबता आलं तर थांबावं, दिवे बंद करताना बघावं. आणि निघण्याआधी शेतकऱ्याला विचारावं, या आठवड्यात तुमची पाळी दिवसाची आहे की रात्रीची.